हॉलंडची सपाट जमीन आणि पुण्याचा बिल्ला

हॉलंडमध्ये एवढे लोक सायकलने का जातात, असे वर्गात विचारले तर उत्तर ठरलेले असते : तिथली जमीन सपाट आहे म्हणून. आम्हीही शाळेत हेच उत्तर लिहिले होते आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते. पुढे संशोधनाच्या कामात पडल्यावर एक सवय लागली. जे कारण फार सहज सुचते ते एकदा उलटे करून तपासायचे. सपाट जमीन हेच जर कारण असेल, तर जमीन सपाट राहूनही सायकली कमी झाल्या असे कधी घडता कामा नये. पण तसे घडलेले आहे, आणि तेही खुद्द हॉलंडमध्येच. (देशाचे खरे नाव नेदरलँड्स, हॉलंड हा त्याचा एक भाग. आपल्याकडे रुळलेले नाव म्हणून तेच वापरतो.) ॲमस्टरडॅम शहरात १९५० च्या दशकाच्या मध्यास वाहनाने होणाऱ्या फेऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास सायकलने होत असत. १९७० च्या सुमारास हा वाटा चतुर्थांशाच्या जवळपास येऊन ठेपला होता. या पंधरा वर्षांत शहरात डोंगर उगवल्याची नोंद नाही.

शिवाय सपाट प्रदेश सायकलस्वाराला वाटतो तितका सोपा नसतो. उघड्या सपाट मुलखात वाऱ्याला अडवायला काही नसते. वर्गात करून पाहण्याजोगे हे गणित आहे. हवेचा रोध हा सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा पडलेला असताना ताशी १५ किलोमीटर वेगाने, ताठ बसून जाणाऱ्या स्वारावर हा रोध साधारण ६ न्यूटन असतो. (हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम, आणि रोधगुणांक व समोरचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.६ चौरस मीटर धरला आहे.) समोरून ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा सुटला की सापेक्ष वेग ३५ होतो आणि रोध जवळजवळ ३४ न्यूटनांवर जातो. म्हणजे २८ न्यूटन जादा. सायकल आणि स्वार मिळून ९० किलोग्रॅम धरले तर त्यांचे वजन सुमारे ८८० न्यूटन. २८ ला ८८० ने भागल्यास ३ टक्क्यांहून थोडे अधिक येते. याचा अर्थ, असा वारा तोंडावर घेणे आणि दर १०० मीटरला ३ मीटर चढणारा रस्ता चढणे यांत पायांच्या दृष्टीने फारसा फरक नाही. हॉलंडच्या समुद्रकाठी असा वारा काही नवलाचा नाही. पाऊसही तिथे वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तो बाराही महिने वाटून पडतो. पुण्याचा सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस मुख्यतः चार महिन्यांत उरकतो. हवामानाच्या हिशेबाने पाहिले तर सायकलचे शहर होण्याचा हक्क पुण्याचा अधिक होता, आणि एके काळी ते तसे होतेही. त्याकडे नंतर येऊ.

आधी यंत्राविषयी थोडक्यात. आज आपण जिला सायकल म्हणतो ती दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळीने गती देणारी गाडी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली 'रोव्हर' या नावाने आणली. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये व्यवसाय करणारे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर तयार केला. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर मूळ आराखड्यात फारसे काही बदलायचे उरले नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांत इतके कमी बदललेले यंत्र विरळाच. ऊर्जेच्या दृष्टीने पाहिले तर चालणाऱ्या माणसाला एका किलोमीटरला जितकी ऊर्जा लागते तिच्या साधारण पाचव्या हिश्शात सायकलस्वार तेवढेच अंतर कापतो. म्हणूनच किमती उतरल्याबरोबर कारकून, कामगार, शिक्षक, दूधवाले असे सगळेच या यंत्राकडे वळले. हे जवळपास सर्व देशांत घडले. त्यासाठी कोणत्याही सरकारला योजना आखावी लागली नाही.

हॉलंडमध्ये तर सरकारला यातून उत्पन्नच दिसले. १९२४ साली तिथे सायकलवर वर्षाला ३ गिल्डरचा कर बसवण्यात आला. कर भरला की धातूचा एक छोटा बिल्ला मिळे आणि तो सायकलला लावावा लागे. मंदीच्या काळात बेकारांना हा बिल्ला फुकट मिळत असे, पण ओळखू यावा म्हणून त्याला भोक पाडलेले असे. तो लावून फिरणाऱ्याला काय वाटत असेल याची कल्पना करता येते. १९४१ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, हा कर रद्द झाला.

दुसरे महायुद्ध संपले आणि देश पुन्हा उभा राहिला. पगार वाढले, मोटारी आल्या. त्या काळच्या नगररचनाकारांच्या मनात भविष्याचे चित्र स्पष्ट होते : मोटार ही पुढची पायरी आणि सायकल ही गरिबीच्या दिवसांची आठवण. चौक आणि मैदाने मोटारी उभ्या करण्यासाठी दिली गेली. रस्ते रुंद करण्यासाठी जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या. १९६७ मध्ये डेव्हिड जोकिनेन या अमेरिकी अभियंत्याने ॲमस्टरडॅमच्या जुन्या वस्त्यांतून थेट शहराच्या मध्यापर्यंत महामार्ग नेण्याची योजना मांडली होती. ती स्वीकारली गेली नाही, पण अशी योजना गंभीरपणे मांडता येत होती यावरून वारे कोणत्या दिशेचे होते ते कळते. त्याआधी, १९६५ मध्ये, 'प्रोव्हो' नावाच्या तरुणांच्या गटाने पांढऱ्या रंगाच्या सायकली रस्त्यावर कुलूप न लावता कोणीही वापराव्यात म्हणून ठेवल्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या. कारण कुलूप न लावता सायकल सोडणे हा गुन्हा होता.

याची किंमत काय पडत होती ते आकड्यांत दिसते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलंडमध्ये रस्त्यावरील अपघातांत वर्षाला सुमारे ३,३०० माणसे मरत होती आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. देशाची लोकसंख्या तेव्हा अवघी एक कोटी तीस लाखांच्या आसपास! फिक लांगेनहोफ हे 'डे टाइड' या वृत्तपत्राचे पत्रकार. त्यांची सहा वर्षांची मुलगी १९७१ मध्ये सायकलने शाळेत जाताना मोटारीखाली गेली. १९७२ च्या सप्टेंबरात त्यांनी आपल्या पत्रात लेख लिहिला आणि त्याला मथळा दिला 'बालहत्या थांबवा'. याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसू लागले. काही गल्ल्या मुलांना खेळण्यासाठी त्यांनी स्वतःच बंद केल्या. चळवळीच्या पहिल्या अध्यक्षा मार्टिए फान पुटेन तेव्हा तरुण आई होत्या. पुढे त्या युरोपीय संसदेत निवडून गेल्या. १९७५ मध्ये सायकलस्वारांची देशव्यापी संघटनाही स्थापन झाली. तिचे कार्यकर्ते गावोगावी कोणता चौक कुठे धोक्याचा आहे याची टिपणे करून पालिकेत नेऊन देत.

पुष्कळ ठिकाणी असे वाचायला मिळते की १९७३ च्या तेलटंचाईमुळे हॉलंड सायकलकडे वळले. ४ नोव्हेंबर १९७३ पासून तिथे सुमारे दहा रविवार मोटारी बंद होत्या, लोक महामार्गांवर सायकली आणि रोलर स्केट घेऊन फिरले, हे खरे आहे. पण तेल सगळ्याच देशांत महागले होते. ब्रिटनचेच उदाहरण घ्या. तिथे १९४९ मध्ये लोकांनी सायकलवर एकूण सुमारे २,४०० कोटी किलोमीटर प्रवास केला होता. १९७३ पर्यंत हा आकडा ४०० कोटींच्या खाली आला, आणि तेलाचा भडका उडूनही जुन्या पातळीवर तो कधीच परतला नाही. तेव्हा तेलाने संधी दिली असे फार तर म्हणता येईल. ती घ्यायला हॉलंडमध्ये रस्त्यावर बसलेले आईबाप आधीपासून होते. आमच्या मते खरा फरक तो आहे.

आता इथून पुढचा भाग शिक्षकांना विशेष आवडेल, कारण तो प्रयोगासारखा आहे. १९७५ नंतर सरकारने टिलबर्ग आणि द हेग या दोन शहरांत नमुन्यादाखल एकेक उत्तम सायकलमार्ग बांधून पाहिला. मार्ग सुरेख झाले, पैसाही भरपूर खर्च झाला. (द हेगच्या दुकानदारांनी कडाडून विरोध केला, मोटारी थांबल्या नाहीत तर गिऱ्हाईक येणार कुठून, हा त्यांचा प्रश्न.) मोजणी केल्यावर दिसले की नव्या मार्गावर सायकली खूप आल्या, पण त्यांतल्या बऱ्याच आधी शेजारच्या रस्त्यांवरून जात असत. शहरात एकूण सायकल चालवणे फारसे वाढले नव्हते. थोडा विचार केल्यास यात आश्चर्य नाही. माणसाला घरापासून कामापर्यंत जायचे असते, आणि दोन किलोमीटरचा राजमार्ग त्याच्या सहा किलोमीटरच्या वाटेतील चार किलोमीटर धोकादायकच ठेवतो. साखळीची एक कडी सोन्याची केली म्हणून साखळी मजबूत होत नाही.

म्हणून १९८० च्या दशकात डेल्फ्ट या गावात वेगळा प्रयोग झाला. राजमार्ग नको, जाळे हवे. गल्लीतले तुटलेले दुवे जोडणे, कालव्यावर एखादा छोटा पूल टाकणे, एकदिशा रस्त्यावर सायकलला उलट जाण्याची मुभा देणे अशी लहानलहान कामे गावभर झाली. डेल्फ्टमध्ये सायकलचा वाटा आधीच ४० टक्क्यांच्या घरात होता. तो ४३ टक्क्यांवर गेला. वाढ लहान दिसते, पण जिथे आधीच एवढे लोक सायकल चालवतात तिथे आणखी तीन टक्के मिळवणे सोपे नसते, हेही ध्यानात घ्यावे.

खोनिंगन शहराने आणखी निराळी वाट धरली. माक्स फान डेन बेर्ख या अगदी तरुण नगरसेवकाच्या पुढाकाराने १९७७ च्या सप्टेंबरात शहराच्या मध्यभागाचे चार भाग करण्यात आले. मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात थेट जाता येईना. बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर जाऊन वळसा घालून यावे लागे. सायकल आणि पादचारी मात्र सरळ जात. बदल एका रात्रीत अमलात आला, कारण हळूहळू केला असता तर विरोधाने तो मधेच अडला असता. एकही मोठा मार्ग न बांधता, केवळ कोणाला वळसा पडावा हे बदलून, सायकल ही शहरातली सर्वांत जलद गाडी झाली.

याउलट इंग्लंडमधील स्टीव्हनेज. दुसऱ्या महायुद्धानंतर वसवलेल्या या नव्या गावात अभियंता एरिक क्लॅक्स्टन यांनी सायकलमार्गांचे उत्कृष्ट जाळे बांधले. चौकांखालून भुयारी वाटा काढल्या, म्हणजे सायकल आणि मोटार यांची गाठच पडू नये. क्लॅक्स्टन स्वतः रोज सायकलने कामावर जात. तरीही गावात सायकल चालवणे कमीच होत गेले. कारण मोटारीसाठीही तितकेच प्रशस्त, विनाअडथळ्याचे रस्ते त्यांनीच बांधले होते. डेल्फ्ट, खोनिंगन आणि स्टीव्हनेज ही तिन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की आमच्या शालेय उत्तराचे काय होते ते दिसतेच.

आता पुणे. हॉलंडच्या बिल्ल्याची हकिकत वाचताना आम्हाला वडिलांच्या सायकलवरचा बिल्ला आठवला. आपल्याकडेही पालिका सायकलवर कर घेत असे आणि धातूचा बिल्ला देत असे. आधीच्या पिढीतल्या कोणाही पुणेकराला विचारा, बिल्ला नाही म्हणून धरलेली सायकल, रात्री दिवा नाही म्हणून पोलिसाने सोडलेली हवा, डबलसीटचा दंड, यांच्या गोष्टी ऐकायला मिळतील. दंड होई याचा अर्थ असा की सायकल हे वाहन समजले जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. साडी नेसलेल्या शिक्षिका आणि परिचारिका सायकलवरून कामाला जात, आणि बाहेरगावाहून आलेल्यांना त्याचे नवल वाटे. आम्ही स्वतः सायकल शिकलो ती तासावर भाड्याने आणलेल्या, दांडी आमच्या छातीपर्यंत येणाऱ्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत.

मग गेले काय? शहर पसरले. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठची कित्येक घरे उठून दूरच्या नव्या वसाहतींत गेली. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाले आणि त्यामागोमाग तो सगळा पट्टा कारखान्यांनी भरला. जुन्या शहरापासून ही अंतरे पंधरा-वीस किलोमीटरची. आणि १९७२ मध्ये फिरोदियांची 'लूना' आली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागण्याच्या त्या दिवसांत ही ५० सीसीची, वेळप्रसंगी पायडलही मारता येणारी गाडी मध्यमवर्गाला मिळाली. योगायोग असा की लांगेनहोफ यांचा लेख त्याच वर्षीचा. एकाच वर्षी एक समाज मोटारीला प्रश्न विचारू लागला आणि दुसरा इंजिनाच्या दुचाकीवर बसला. आम्ही लूना घेणाऱ्यांना नावे ठेवत नाही. आमच्या घरीही ती होती, आणि तिच्यामुळे आईला दूरच्या शाळेतली नोकरी करता आली.

पण सायकल सुटण्याची प्रक्रिया स्वतःलाच वाढवत नेणारी असते, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही. पहिले काही लोक सायकल सोडतात. रस्त्यावरचा सरासरी वेग वाढतो. उरलेल्यांना भीती वाटते. त्यांतले आणखी काही सोडतात. अमेरिकी संशोधक पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये निरनिराळ्या शहरांची आणि देशांची आकडेवारी तपासली. सायकलस्वारांची व पादचाऱ्यांची संख्या वाढते तेव्हा वाहनांशी होणाऱ्या टकरी तेवढ्या प्रमाणात वाढत नाहीत, संख्येच्या साधारण ०.४ व्या घाताने वाढतात, असे त्यांना आढळले. म्हणजे सायकली दुप्पट झाल्या तर एकेका स्वाराचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. (२ चा उणे ०.६ वा घात विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा.) हेच उलटे वाचले तर सायकली निम्म्या झाल्यावर उरलेल्या प्रत्येकाचा धोका दीडपट होतो. अर्थात हा सहसंबंध आहे. चांगल्या रस्त्यांमुळे सायकलीही वाढतात आणि धोकाही घटतो, असाही अर्थ लागू शकतो. आणि हॉलंडचा अनुभव पाहता दोन्ही थोडेथोडे खरे असावे.

२००६ मध्ये केंद्राचे शहरी वाहतूक धोरण आले. रस्त्यावरची जागा वाहनांऐवजी माणसांच्या हिशेबाने वाटावी असे त्यात म्हटले होते. त्याच सुमारास पुण्यात बीआरटीच्या रस्त्यांकडेने सायकलमार्ग झाले. त्यांवरून जाऊन पाहिलेल्या कोणालाही ते टिलबर्गची आठवण करून देतील, तीही टिलबर्गच्या निम्म्या दर्जाची. दोनशे मीटर बरा रस्ता, मग विजेचा खांब, मग पायरी, मग उभ्या मोटारसायकली, आणि नेमका चौक आला की मार्ग गायब. २०१७ मध्ये पालिकेने सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर तो जाळ्याचा विचार करतो, हे त्याचे बलस्थान. रस्त्यावर जाळे दिसायचे आहे.

पुण्याबाहेर चित्र इतके एकसुरी नाही. २०११ च्या जनगणनेत बिगरशेती कामगारांना प्रवासाचे साधन विचारले गेले. त्यांतले सुमारे १३ टक्के सायकलने जात होते. यांतल्या बहुतेकांनी सायकल निवडली नव्हती, दुसरे परवडत नव्हते. पैसा हाती आला की ते लूनाच्या आजच्या वारसाकडे वळणार, आणि आपल्या लहान गावांत १९७२ सालचे पुणे पुन्हा घडणार. ते टाळता येण्याजोगे आहे, कारण तिथले रस्ते अजून पुरते बिघडलेले नाहीत.

हॉलंडमध्ये आज सर्व फेऱ्यांपैकी चतुर्थांशाहून थोड्या अधिक सायकलने होतात. रस्त्यावरील मृत्यू अलीकडे वर्षाला सहाशे-सातशेच्या आसपास असतात, १९७० च्या सुमाराच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके. सगळे सुरळीत आहे असेही नाही. या मृतांत आता मोटारीतल्यांपेक्षा सायकलस्वार अधिक असतात आणि त्यांत म्हातारी माणसे पुष्कळ. विजेवरच्या सायकलींचा वेग हा तिथला नवा वाद आहे.

आपल्या शाळेत करण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. आठवी-नववीच्या मुलांनी गावाच्या नकाशावर आपापल्या घरापासून शाळेपर्यंतची वाट पेन्सिलीने काढावी, आणि जिथे सायकलवरून उतरावेसे वाटते किंवा आईबाप एकट्याने जाऊ देत नाहीत तिथे लाल खूण करावी. मग सगळ्या वर्गाचे नकाशे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरावेत. आमचा अंदाज असा की लाल खुणा गावभर पसरलेल्या दिसणार नाहीत, दोन-तीन चौकांत दाटलेल्या दिसतील. अंदाज चुकीचा ठरला तर तेही कळवावे. नकाशाची एक प्रत मात्र नगरपालिकेच्या अभियंत्याकडे द्यावी, आणि ती पोचल्याची सही घ्यायला विसरू नये.